तिसऱ्याचा जीव

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे दाराजवळच्या खुर्च्या पकडलेल्या तरुण मित्रांनो, तुम्ही दाराजवळ का बसलात ते मला ठाऊक आहे. मीही तिथंच बसायचो.

ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नाही तर अर्धे गुण कापायचे. आज मी रीत दाखवण्याचा प्रयत्न करणार आहे. उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. भ्रष्टाचार वाईट, हे ऐकायला पंख्याखाली दीड तास बसायची गरज नाही.

निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ मला दाखवायला आणलं, त्यात विषय छापला होता, ‘भ्रष्टाचार आणि बेहाल शहर’. मी विषय कळवला होता, ‘भ्रष्टाचार आणि बेहाला’. प्रूफ वाचणाऱ्याला वाटलं, शेवटचा काना चुकून पडलाय. तर मंडळी, बेहाला हे गावाचं नाव आहे. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेली मोठी वस्ती. माझ्या बँकेनं मला तिकडं टाकलं आणि नोकरीची शेवटची आठ वर्षं मी तिथं काढली. तुम्ही बेहालातला एक माणूस ओळखता. सौरव गांगुली. आख्खा बंगाल त्याला ‘दादा’ म्हणतो. तिथं दादा म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडं दादा म्हणजे थोरला भाऊही आणि गल्लीतला गुंडही. मुंबईत ‘भाई’चंही तसंच झालं. ज्याच्याकडं घरातल्यासारखं संरक्षण मागावं त्याचीच भीती वाटू लागली, की भाषा बिचारी एकाच शब्दात दोन्ही कोंबते. हा मुद्दा जाता जाता सांगतोय, पण विसरू नका.

बेहालापासूनच का सुरुवात? तिथं बारिशा नावाचा भाग आहे. सावर्ण रॉयचौधुरी या जुन्या जमीनदार घराण्याचा. त्यांचा दुर्गोत्सव १६१० सालापासूनचा सांगतात. देवीसमोर खांब उभे आहेत, पूर्वीच्या आटचाळ्याचे, म्हणजे आठ पाखी छपराच्या मंडपाचे. १० नोव्हेंबर १६९८ या दिवशी तिथंच सही-शिक्का झाला असं सांगतात, आणि सुतानुटी, गोविंदपूर, कलिकाता या तीन गावांचा हक्क ईस्ट इंडिया कंपनीकडं गेला. तेराशे रुपयांत. कोलकाता शहराची ही जन्मपत्रिका.

पण पत्रिकेत एक ग्रह लपलेला आहे. तेराशे रुपये जमीनदारांना मिळाले. त्याआधी, हा व्यवहार होऊ द्यावा म्हणून कंपनीनं बंगालचा सुभेदार, औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान, याला सोळा हजार रुपये पोचवले होते. मालकाला तेराशे, परवानगी देणाऱ्याला सोळा हजार! बँकेत असताना मी कर्जाच्या फायली बघायचो. मालाच्या किमतीपेक्षा ‘इतर खर्च’ बारापट दिसला की आम्ही लाल शेरा मारायचो. इतिहासावर शेरा मारायची सोय नाही. रॉयचौधुरी घराणं आजही सांगतं की आमची इच्छा नव्हती, आमच्यावर वरून दबाव आला. म्हणजे बघा, लाच देणारा कंपनीचा माणूस. घेणारा शहजादा. आणि गावं गेली तिसऱ्याची.

हा तिसरा माणूस ध्यानात ठेवा. आज मी फक्त त्याच्याबद्दल बोलणार आहे.

आपण लाचेबद्दल बोलतो तेव्हा नेहमी दोघांबद्दल बोलतो. देणारा आणि घेणारा. कायदासुद्धा दोघांचा. वाद घालतो तोही त्याच दोघांचा, की देणारा जास्त दोषी की घेणारा? अहो, त्या दोघांचं भागलेलं असतं! एकाचं काम झालं, दुसऱ्याचा खिसा भरला. तक्रार करायला त्यांच्याकडं काही उरत नाही. ज्याचं नुकसान झालं तो त्या टेबलाशी नव्हताच. तो कुठं होता? तो रस्ता ओलांडत होता.

४ ऑगस्ट २०२३. शुक्रवार. मी निवृत्त होऊन इकडं आलो होतो. सकाळी माझ्या जुन्या घरमालकांचा फोन आला. म्हणाले, “आज बेहाला चौरस्त्याकडं बघवत नाही.” डायमंड हार्बर रोडवर बारिशा हायस्कूल आहे, बंगाली माध्यमाची, साध्यासुध्या घरातल्या मुलांची शाळा. दुसरीतला एक मुलगा सकाळी साडेसहाच्या सुमारास वडिलांचा हात धरून शाळेत निघाला होता. ट्रकनं दोघांना उडवलं. मुलगा जागच्या जागी गेला, वडील जबर जखमी झाले. ट्रक थांबला नाही; ड्रायव्हर नंतर हावड्याकडं सापडला.

पुढं जे झालं ते देशानं टीव्हीवर पाहिलं. लोकांनी मुलाचा देह रस्त्यावरून हलवू दिला नाही. पोलिसांची गाडी जाळली, मोटरसायकल जाळली, ट्रॅफिक पोलिसांच्या कार्यालयात तोडफोड केली. अश्रुधूर सोडला गेला. रस्ता कित्येक तास बंद. आणि गर्दीतला जो तो एकच आरोप करत होता. पोलिस गाड्या आवरायला नसतात, ट्रकवाल्यांकडून पैसे गोळा करायला असतात. पालकांनी दुसरीही एक गोष्ट बोलून दाखवली. जवळच्या खाजगी इंग्रजी शाळेपुढं पोलिस उभा असतो, आमच्या शाळेपुढं का नसतो?

त्या सकाळी त्या विशिष्ट ट्रककडून कोणी पैसे घेतले होते का? हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण गुरुजींची रीत वापरू. एका अपघातानंतर हजारभर माणसं एका क्षणात पोलिसांची गाडी का पेटवतात? ट्रक सोडून पोलिसांकडं का धावतात? त्यांनी पुरावा तपासला नव्हता. त्यांच्याकडं वर्षानुवर्षांची रोजची साक्ष होती. पहाटे आपल्या डोळ्यांनी बघितलेली.

ती साक्ष कशी असते ते मी जवळून पाहिलं आहे. बेहालात नव्हे, इकडंच, आपल्या मुलखात. माझ्या मामांचे तीन ट्रक होते. सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात बसायचो. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक लोखंडी कपाट, व्यंकटेशाचं कॅलेंडर. मामा लाल बासनातली वही लिहायचे. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, हमाली, असे रकाने. आणि शेवटी एक खातं, ‘देवधर्म’. मला वाटायचं मामा फार धार्मिक आहेत. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला देवधर्माचा ठरलेला आकडा! एकदा विचारलं, “मामा, हा कुठला देव?” मुनीमजी हसून म्हणाले, “नाक्यावरचा.” ट्रकवाल्यांच्या बोलीत त्याला ‘एन्ट्री’ म्हणतात. महिन्याची एन्ट्री भरली की गाडीचा नंबर यादीत जातो. मग रात्री नाक्यावर गाडी थांबवायची गरज नसते, क्लीनर नुसता हात बाहेर काढतो, समोरून शिट्टी वाजते, बॅटरी हलते, आणि गाडी वेग न मोडता निघून जाते. गाडीत नऊ टन बसतं की चौदा, ब्रेक लागतात की नाही, ड्रायव्हर किती तास जागा आहे, यातलं काहीही कोणी बघत नाही.

मामा म्हणायचे, “आपण कोणाचं वाकडं करत नाही. फक्त वेळ वाचवतो.” त्यांना ते खरंच तसं वाटायचं. मग एका हिवाळ्यात उतारावर त्यांच्या चौदा टनांच्या गाडीचे ब्रेक तापले आणि सायकलवरून दूध घालायला निघालेला एक माणूस गेला. मामा त्याच्या घरी गेले, पैसे दिले, रडले. ट्रक विकले नाहीत. पण त्या दिवसानंतर वहीतला तो रकाना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला नाही. मुनीमजींना सांगायचे, “तेवढं तुम्ही घाला.”

त्या दूधवाल्यानं एन्ट्री दिली नव्हती. घेतलीही नव्हती. त्याला त्या व्यवहाराचा पत्ताही नव्हता.

आता या नाक्यावरून आपण जरा मोठ्या नाक्यावर जाऊ. रायगड जिल्हा, म्हसळ्याजवळचा गोंडघर फाटा. जानेवारी १९९३. दिघीला समुद्रातून चोरटा माल उतरला होता. तो घेऊन निघालेल्या गाड्या रात्री फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. अडवल्या हे खरं. मग सौदा झाला. पुरेशी रोकड हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या. गाड्या सुटल्या. पुढच्याच महिन्यात त्याच पट्ट्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर, आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत एकापाठोपाठ एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी. पुढं टाडा न्यायालयानं कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या माणसांनाही दोषी ठरवलं; मार्च २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या दोन खात्यांच्या वागण्यावर पानंच्या पानं आहेत.

इथं मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथं आहे. किनाऱ्यावरच्या त्या शिपायांना, अधिकाऱ्यांना मुंबई उडवायची होती का? नाही हो! त्यांची स्वतःची भावंडं मुंबईत गिरणीत, वडापाववर दिवस काढत असतील. चोरटं सोनं, चांदी, घड्याळं यांची त्यांना सवय होती. वर्षानुवर्षं तो हप्ता चालू होता. पण हप्ता सोन्याचा नसतो, चांदीचा नसतो. हप्ता असतो न बघण्याचा. आणि ज्यानं आपलं न बघणं एकदा विकलं, त्याला आपण काय बघितलं नाही हे कधीच कळत नाही. पोत्यात चांदी आहे की आरडीएक्स, हे पोतं उघडल्याशिवाय कळणार कसं? आणि पोतं न उघडण्याचेच तर पैसे घेतले!

मुंबईच्या स्फोटांनंतर चार दिवसांनी, १६ मार्चच्या रात्री, कोलकात्यात बहूबाजारला एक इमारत स्फोटानं उडाली. ६९ माणसं मेली. इमारत कोणाची? रशीद खान या सट्टेवाल्याच्या अड्ड्याची. तिथं बाँब बनवत होते, तेच उडाले. आणि अड्डा कुठं? लालबाजारच्या पोलिस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. सट्ट्याचा अड्डा मुख्यालयाच्या सावलीत वर्षानुवर्षं चालतो, तो कोणाच्याही डोळेझाकीशिवाय? रायगडात नाका विकला गेला होता, कोलकात्यात शेजार. त्याच वर्षी केंद्रानं एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशाही यांच्या साटंलोट्याबद्दलचा अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये आला. त्याचं पुढं काय झालं, असं विचारून मी तुमचा वेळ घेत नाही.

तुम्ही म्हणाल, हा बंगालला नावं ठेवतोय. छे! बंगालला नावं ठेवायचा अधिकार सगळ्यांत कमी कोणाला असेल तर तो आपल्याला. बेहालात मी पहिल्यांदा घर बघायला गेलो, आडनाव सांगितलं, तर आतून म्हाताऱ्या आजी हसत ओरडल्या, “बर्गी आले रे!” बर्गी म्हणजे बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार, भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ मध्ये बंगालवर धावून गेले ते. कंपनीच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. पुरा झालाच नाही, बुजवून पुढं त्यावर रस्ता झाला. बंगाली आया अजून पोरांना झोपवताना आपल्याच नावाची भीती घालतात. आपण ज्याला अभिमानानं चौथाई म्हणतो, तिचा साधा अर्थ काय होता? एवढं द्या, म्हणजे आम्ही लुटणार नाही आणि दुसऱ्यालाही लुटू देणार नाही. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाख कबूल केले. ते त्यानं काही पदरचे दिले नाहीत. वर्धमानच्या आणि बीरभूमच्या भातशेतकऱ्यानं दिले. म्हणजे हप्ता, संरक्षण आणि तिसरा माणूस, या त्रिकुटाची आपल्याला चांगली ओळख आहे. (हशा) हसा, पण इतिहासाच्या पुस्तकात हे वाचताना आपण हसत नाही, छाती फुगवतो.

असो. पुढं जाऊ.

आतापर्यंत नाका विकला गेला होता. आता खुर्ची विकली जाते तेव्हा काय होतं ते बघू. बेहाला पश्चिम मतदारसंघातून २००१ पासून पाच वेळा निवडून आलेले आमदार, राज्याचे माजी शिक्षणमंत्री पार्थ चटर्जी यांना २३ जुलै २०२२ रोजी ईडीनं अटक केली. त्यांच्या निकटवर्ती म्हणून सांगितल्या गेलेल्या बाईंच्या दोन फ्लॅटांतून मिळून पन्नास कोटींच्या आसपास रोकड सापडली. चटर्जी तीन वर्षांहून अधिक काळ कोठडीत राहून २०२५ च्या नोव्हेंबरात जामिनावर सुटले. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि निकाल कोर्टात लागेल. मला बोलायचं आहे ते नोटांबद्दल, कारण तो माझा विषय. नोटा मोजायला बँकेची माणसं आणि यंत्रं बोलावली होती. पन्नास कोटी पाचशेच्या नोटांत धरले तर दहा लाख नोटा होतात. शंभर नोटांची एक गड्डी, अशा दहा हजार गड्ड्या. त्या रात्री मशीनवर बसलेल्या कॅशियरच्या बोटांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकतो. कोरड्या नव्या नोटेनं बोटं कापतात.

आणि त्या नोटांच्या पलीकडं कोण होतं? शाळेतल्या नोकऱ्यांसाठी २०१६ साली जी निवड झाली, तिच्यात उत्तरपत्रिकांचे गुण बदलले, कोरे पेपर पास झाले, यादीबाहेरचे आत आले. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळी निवडच रद्द ठरवली. २५,७५३ नेमणुका. का सगळी? कारण डाग इतका खोल गेला होता की खरे कोण आणि खोटे कोण हे पूर्णपणे वेगळं काढणं अशक्य झालं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. ज्यानं रात्र रात्र अभ्यास करून नोकरी मिळवली, कर्ज काढून घर बांधलं, तोही एका दुपारी रस्त्यावर. याला असुरक्षितता नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? सुरक्षा म्हणजे काय फक्त चाकू-सुरा आणि बाँब? उद्या माझं घर माझंच राहील, माझी नोकरी माझीच राहील, हा भरवसा म्हणजेच माणसाची पहिली सुरक्षा.

आपणही मागं नाही. आपल्या राज्यातला टीईटी घोटाळा आठवा. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पकडलं, आणि पुढं साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. पोरांना शिकवायला निघाले होते ते!

आणि जिथं वर्दीची सावली वाटली जाते, तिथं काय होतं? कोलकात्यात पोलिसांच्या मदतीला ‘सिव्हिक व्हॉलंटियर’ असतात. आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. जानेवारी २०२५ मध्ये ज्याला जन्मठेप झाली तो असाच एक व्हॉलंटियर. कुठल्या कसोटीवर या लोकांना घेता, कोण शिफारस करतं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं विचारला. हा प्रश्न खून होण्याआधी कोणी विचारला असता तर? रात्रपाळीला थकून थोडा वेळ आडवी झालेली ती मुलगी. तीही तिसरीच.

रस्ता झाला, किनारा झाला, नोकरी झाली. उरलं घर. बंगालमध्ये दोन शब्द रोज कानावर पडतात, ‘सिंडिकेट’ आणि ‘कटमनी’. तुम्ही प्लॉट घेतला की पोरं येतात. वाळू आमच्याकडून, विटा आमच्याकडून, खडी आमच्याकडून. दर त्यांचा आणि दर्जाही त्यांचाच. सिमेंटात किती वाळू घातली हे विचारायची सोय नाही. कटमनी म्हणजे आपली टक्केवारी. जून २०१९ मध्ये, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, खुद्द मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी आपल्या नगरसेवकांना सांगितलं की घेतलेली कटमनी परत करा. गरिबाच्या अंत्यविधीला सरकार दोन हजार देतं, त्यातलेही दोनशे खाल्ले जातात, असं त्या म्हणाल्या. मग काय! गावोगावी लोक नेत्यांच्या दारात हिशेबाच्या चिठ्ठ्या घेऊन उभे. आमच्या बँकेच्या शिपायानं मला विचारलं, “साहेब, कटमनी परत आली तर खात्यात कुठल्या नावानं भरायची?” मला उत्तर आलं नाही. मामांच्या वहीत उत्तर होतं, पण ते त्याला कसं सांगणार?

१७ मार्च २०२४ च्या रात्री बेहालाच्या शेजारी गार्डन रीचला, महापौरांच्याच मतदारसंघात, बेकायदा बांधत असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक माणसं गेली. लक्षात घ्या, इमारतीत कोणी राहत नव्हतं. मेलेल्यांतले बरेच जण बाजूच्या झोपड्यांत झोपलेले. आपल्याकडं मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. काही महिन्यांत उभी केलेली. ७४ मेले, त्यांत लहान मुलं किती! नंतर पकडलेल्यांत बिल्डर होते, महापालिकेचे अधिकारी होते, नगरसेवक होता, पोलिस होता. एवढे सगळे जण मिळून एक मजला चढू देतात तेव्हा त्या स्लॅबमध्ये लोखंड कमी आणि सह्या जास्त असतात.

एक कबुली देतो. सगळ्याच पडझडीमागं लाच असते असं म्हणणं सोपं आहे, आणि खोटं आहे. ४ सप्टेंबर २०१८ ला बेहालाला कोलकात्याशी जोडणारा माझेरहाटचा पूल कोसळला. तीन जण गेले. मी त्या पुलावरून रोज जायचो. त्या दिवशी खजिन्याचा हिशेब जुळत नव्हता म्हणून बँकेतून निघायला उशीर झाला. बारा रुपयांचा फरक होता. तिथं जी कारणं पुढं आली ती देखभालीची होती, थरावर थर चढून वाढलेल्या डांबराच्या ओझ्याची होती, दुरुस्तीची फाइल फिरत राहिल्याची होती. लाच कोणी खाल्ली असं सिद्ध झालं नाही. नवा पूल सुरू व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. तोवर आख्खं बेहाला दोन वर्षं वळसे घालत होतं. पण मला एवढं कळतं, की जिथं फाइल हलायला वजन ठेवावं लागतं, तिथं ज्या फाइलीवर वजन ठेवणारं कोणी नसतं ती हलत नाही. आणि पुलाच्या फाइलीवर वजन कोण ठेवणार? पुलाचा मामा कोण?

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. नायजेरियात लागोसला बसवाल्यांकडून फेरीमागं पैसे उकळणाऱ्या टोळक्यांना ‘आगबेरो’ म्हणतात. तिथल्या बसड्रायव्हरला आपली ‘एन्ट्री’ समजावून सांगायला दोन मिनिटं लागणार नाहीत. त्याच देशात बोको हरामशी लढणारे सैनिक अपुरी शस्त्रं घेऊन मरत होते, आणि शस्त्रखरेदीच्या पैशांबद्दल माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारालाच २०१५ मध्ये अटक झाली. सुरक्षेच्याच पैशावर हात!

मग कोणी बघायला गेलं तर? न बघण्याचा बाजार जिथं भरला आहे तिथं जो डोळे उघडे ठेवतो त्याचं काय होतं? दोन नावं घेतो. दोन्ही आपलीच. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून बाहेर काढायचे. जिवाला धोका आहे म्हणून पोलिस संरक्षण मागितलं होतं. मिळालं नाही. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना मारलं. दुसरे यशवंत सोनवणे, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाची भेसळ चाललेली दिसली म्हणून गाडी थांबवून उतरले. त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळलं. दिवसाढवळ्या. अप्पर जिल्हाधिकाऱ्याला! राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. मला त्या प्रसंगातलं एकच सतावतं. ते भेसळवाले पळून का गेले नाहीत? समोर एवढा मोठा अधिकारी उभा असताना त्यांना पळावंसं का वाटलं नाही? कारण त्या जागेवर कोणी बघत नसतं, अशी त्यांची खात्री होती. बघणारा माणूस हा त्यांच्या लेखी नियमभंग होता.

मंडळी, संयोजक घड्याळाकडं बघू लागलेत. गुरुजी तास संपताना गृहपाठ द्यायचे, मीही देतो. सोपा आहे. तुमच्या घराजवळ जी शाळा असेल, तिच्यासमोरच्या रस्त्यावर अवजड वाहनांना किती ते किती वाजेपर्यंत बंदी आहे, आणि गेल्या वर्षभरात ती मोडल्याबद्दल किती गाड्यांकडून किती दंड वसूल झाला, एवढे दोनच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. एकट्यानं नको, दहा जणांनी दहा अर्ज करा, म्हणजे एकाच नावावर कोणाचा डोळा राहणार नाही. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती कोणाच्या जीविताशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत.

दंडाचा आकडा शून्य आला, तर त्याचे दोन अर्थ होतील. एक, त्या रस्त्यावर बंदीच्या वेळेत एकही ट्रक येत नाही. दुसरा अर्थ तपासायचा असेल, तर सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहा.